काच ठिसूळ असते, मग तिच्यावर खड्डा कसा उमटतो? दबलेली काच जाते कुठे?

तुमचा प्रश्न असा आहे: कठिणता मोजताना हिऱ्याचं टोक काचेवर दाबलं तर ती फुटायला हवी, मग नुसता चौकोनी खड्डा कसा पडतो, आणि त्या खड्ड्यातली काच जाते कुठे? मी नागपुरात धातू आणि सिरॅमिकचे नमुने तपासतो. अधूनमधून काचही येते, आणि माझा जीव सगळ्यात जास्त तिच्यातच रमतो.

खड्ड्यातली बरीचशी काच कुठेच जात नाही. ती तिथेच, खड्ड्याखाली, दाटून बसते.

विकर्स चाचणीतला (हिरा दाबून कठिणता मोजायची हीच पद्धत) हिरा पिरॅमिडसारखा घासलेला असतो, समोरासमोरच्या बाजूंमध्ये 136 अंशांचा कोन. खिडकीच्या काचेवर तो 1 किलो भाराने दाबला तर खड्ड्याचा कर्ण साधारण 58 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतो आणि खोली 8 मायक्रॉन. पण तेवढ्याशा जागेवरचा दाब 55 हजार वातावरणांच्या, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाच्या 55 हजार पटींच्या घरात जातो. सगळ्यात खोल समुद्राच्या तळाशीही तो 1,100 च्या आसपासच असतो. काच ताणल्यावर फुटते, कारण पृष्ठभागावरच्या बारीक चिरा उघडतात. इथे सगळीकडून दाब असल्यामुळे चिरेला उघडायला वावच मिळत नाही, मग काचेला आकार बदलावा लागतो.

तांब्यात अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात आणि दबलेला धातू खड्ड्याच्या कडेला वर येतो. काचेत असे थर नसतात. तिथे सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असे चौफलक कोपऱ्याला कोपरा जोडून जाळं तयार झालेलं असतं, आणि त्यात पोकळ्या असतात. दाबाखाली ते जाळं दुमडतं, जोडांचे कोन लहान होतात, पोकळ्या मिटतात. शुद्ध सिलिका काचेची, म्हणजे फक्त सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या काचेची, घनता दर घन सेंटिमीटरला 2.20 ग्रॅम. पुरेसा दाब दिला तर ती कायमची सुमारे 20 टक्क्यांनी वाढते, म्हणजे जवळपास क्वार्ट्झच्या स्फटिकाइतकी (2.65) होते. दाबाने काच अशी कायमची दाटते हे ब्रिजमन आणि सायमन या संशोधकांनी 1953 मध्येच दाखवलं होतं.

खिडकीच्या काचेत त्या पोकळ्यांमध्ये सोडियम आणि कॅल्शियम आधीच बसलेले असतात. त्यामुळे दाटायला जागा कमी, आणि जाळं ठिकठिकाणी तुटलेलं असल्यामुळे बाजूला सरकणं सोपं. म्हणून तिच्यात दोन्ही घडतं, थोडी काच दाटते, थोडी कडेला सरकते.

कुठलं किती, हे ज्या प्रयोगातून कळतं तो मला या विषयातला सगळ्यात सुंदर प्रयोग वाटतो. खड्डा मोजायचा, नमुना भट्टीत तापवायचा आणि पुन्हा मोजायचा. खिडकीच्या काचेला साधारण 470 अंशांवर दोन तास पुरतात. ती वितळत नाही, मऊही होत नाही. पण दाटलेला भाग पुन्हा फुगतो आणि खड्डा उथळ होतो. सरकलेला भाग मात्र परत येत नाही. सिलिकाचा खड्डा बहुतेक सगळा भरून येतो, खिडकीच्या काचेचा निम्म्याहून जास्त. (आपल्याकडच्या मे महिन्याच्या 46 अंशांत असं काहीही होत नाही, हे कुणी ना कुणी विचारतंच म्हणून सांगून ठेवतो.)

आता ‘फुटायला हवी’ याबद्दल. भार वाढवला तर ती तडकतेच, पण साध्या काचेत खड्ड्याच्या कोपऱ्यांतून निघणारे तडे बहुधा हिरा वर उचलताना पडतात. बाजूला सरकलेली काच आजूबाजूच्या काचेला रेटत असते. वरचा दाब गेला की तोच रेटा कोपऱ्यांत ताण होऊन उघडतो. सिलिका जास्त दाटते, त्यामुळे तिचा रेटा कमी. तिच्यात तडे वेगळे, खड्ड्याभोवती गोल कड्यासारखे पडतात.

तडे पडून थांबतात असंही नाही. हवेतलं पाणी तड्याच्या टोकाशी सिलिकॉन-ऑक्सिजनचा बंध तोडत राहतं आणि तडा हळूहळू पुढे सरकतो. जुलैतल्या दमट हवेत हे जास्त होतं, मेमधल्या कोरड्या हवेत कमी. म्हणून तड्याची लांबी लिहिताना भार उचलल्यानंतर किती वेळाने मोजली, आणि हवेतली आर्द्रता किती होती, हेही लिहा.

तुम्हाला नुसता खड्डाच हवा असेल तर 25 ग्रॅम भारावर करून बघा. साध्या काचेवर तो बहुतेक वेळा तड्याशिवाय उमटतो. कर्ण मात्र 9 मायक्रॉनच्या आसपास येईल, म्हणजे मोजताना अर्ध्या मायक्रॉनची चूकसुद्धा कठिणतेत दहा-अकरा टक्क्यांनी दिसेल. फोकस नीट लावा आणि एकाच खड्ड्यावर विसंबू नका.