सरंजामशाही म्हणावं, पण सरंजाम जपून

प्रश्न असा आहे: मध्ययुगीन युरोपवरचा मजकूर मराठीत आणताना ‘फ्यूडलिझम’ला सरंजामशाही म्हणावं की सामंतशाही? आणि ‘व्हॅसल’ला, म्हणजे मालकाशी इमानाच्या शपथेने बांधलेल्या माणसाला, मांडलिक म्हटलेलं चालेल का?

सरंजामशाही रुळलेला शब्द आहे, तोच ठेवावा. सामंत म्हणजे मुळात सीमेला लागून असलेला राजा. एखाद्या ड्यूकला तो शब्द शोभतो, अर्ध्या गावाच्या नाइटला नाही. मात्र ‘शाही’ काढून नुसता ‘सरंजाम’ युरोपात नेला की घोटाळा होतो. फारसी ‘सरअंजाम’ म्हणजे तडीस नेणं, तजवीज, सामानसुमान. लग्नाचा सरंजाम आपण अजून म्हणतोच. मराठेशाहीत फौज बाळगण्याचा खर्च भागावा म्हणून सरदाराला गावांचा वसूल तोडून देत, तो सरंजाम. तत्त्वतः तो चाकरीपुरता. पिढीजात हक्क वतनाचा. (व्यवहारात सरंजामही बापामागे मुलाकडे जाऊ लागले, ते वेगळं.)

युरोपातलं ‘फीफ’, म्हणजे चाकरीच्या बदल्यात व्हॅसलला मिळणारी जमीन, वरवर असंच दिसतं, पण त्याच्या बुडाशी दोन माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द असतो. 1127 साली फ्लँडर्सच्या (मुख्यतः आजच्या बेल्जियममधला मुलूख) नव्या काउंटपुढे, म्हणजे तिथल्या सत्ताधीशापुढे, शब्द देण्याचा हा विधी झाला, त्याचं वर्णन ब्रूज शहरातल्या गाल्बेर्टने करून ठेवलंय. काउंट विचारतो, पुरता माझा माणूस होशील? समोरचा म्हणतो, होईन. मग तो जोडलेले हात काउंटच्या हातांत देतो आणि दोघं चुंबन घेतात. त्यानंतर संतांच्या अवशेषांवर इमानाची शपथ, आणि शेवटी काउंट हातातल्या काठीने फीफ बहाल करतो. मालकाचा माणूस होण्याच्या या विधीला ‘होमेज’ म्हणत, आणि त्या शब्दात लॅटिन ‘होमो’, म्हणजे माणूसच आहे. मालकाने शब्द मोडला तर व्हॅसललाही नातं तोडता येई. सरंजामाच्या सनदेत हे बसत नाही, म्हणून ‘फीफ’ तसाच ठेवावा.

मांडलिकाचं म्हणाल, तर मांडलिक म्हणजे खंडणी भरणारा राजा. व्हॅसल खंडणी भरत नाही. तो चाकरी करतो, अनेक ठिकाणी वर्षाला 40 दिवस आणि स्वखर्चाने, शिवाय मालकाच्या दरबारात सल्ल्याला बसतो. आता इंग्लंडचा राजा जॉन घ्या. नॉर्मंडीसारख्या फ्रान्समधल्या मुलखांपुरता तो फ्रान्सच्या राजाचा व्हॅसल, इंग्लंडात मात्र स्वतंत्र. त्याला मांडलिक राजा म्हटलं की अख्खं इंग्लंड फ्रान्सच्या ताब्यात जातं! बोलावूनही तो दरबारात हजर झाला नाही, म्हणून 1202 मध्ये फ्रान्सचा राजा दुसरा फिलिप याने त्याची फ्रान्समधली फीफं जप्त ठरवली आणि 1204 मध्ये नॉर्मंडी घेतली. म्हणजे फीफचाच कायदा वापरून राजाने राज्य वाढवलं. मुलखात फिलिपने ‘बायी’ (कारभार पाहणारे अधिकारी) नेमले ते पगारी आणि बदलीचे. त्यांना सरंजामदार लिहिणं म्हणजे अर्थ उलटा करणं. आपला मामलेदार जास्त जवळचा.

सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे भूदासाला उतरंडीतला सर्वांत खालचा व्हॅसल ठरवणं. भूदास कुणाला होमेज देत नव्हता. तो जमिनीला बांधलेला, मालकाच्या शेतावर वेठ करणारा. ती व्यवस्था मॅनरची, म्हणजे मालकाच्या शेतजमिनीची आणि ती कसणाऱ्यांची. दोन्हींची सरमिसळ व्हायला कारणही आहे. ‘फ्यूडलिझम’ हा शब्द मध्ययुगात कुणी वापरत नव्हतं, तो नंतरच्यांनी घडवला. 4 ऑगस्ट 1789 च्या रात्री फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत ‘फ्यूडल’ म्हणून जे मोडीत काढायचं ठरलं, त्यात शेतकऱ्यांवरची देणी आणि जमीनमालकांचे विशेषाधिकार होते. फौजेशी त्याचा संबंध उरला नव्हता. आपल्याकडची ‘सरंजामी वृत्ती’ ही शिवीही या दुसऱ्या अर्थाचीच. तेव्हा 1789 च्या संदर्भात ‘फ्यूडल देणी’ आली तर सरळ ‘जमीनमालकाची देणी’ लिहावं.