मॅच बघताना मागचा माणूस रंगावरून बोलला तर?

प्रश्न: ताई, आम्ही मेलबर्नला असतो, मुलगा दहा वर्षांचा, त्याला फूटीचं म्हणजे इकडच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या लीगचं, एएफएलचं प्रचंड वेड. मागच्या मॅचला आमच्या मागच्या रांगेतला एक जण एका अ‍ॅबोरिजिनल (इथल्या मूळ रहिवासी समाजातल्या) प्लेअरला रंगावरून वाट्टेल ते ओरडत होता, आजूबाजूचे हसत होते आणि मुलगा माझ्या तोंडाकडे बघत होता. नवरा म्हणतो आपण इथे बाहेरचे, कशाला भानगडीत पडा, हुर्यो काय सगळ्यांचीच उडवतात. पुढच्या वेळी मी काय करू?
एक आई, मेलबर्न

उत्तर: तुम्हाला राहवलं नाही, लिहिलंत, फार बरं वाटलं. हुर्यो सगळ्यांचीच उडवतात हे खरंय पण नेमकं हेच वाक्य अ‍ॅडम गुड्सच्या वेळी हजारो लोक बोलत होते. एएफएलच्या सिडनी स्वान्स क्लबचा हा अ‍ॅबोरिजिनल प्लेअर, सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो मेडल दोनदा, ३७२ मॅचेस, २०१४ चा ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर. मे २०१३ मध्ये तुमच्याच एमसीजीवर, तेही इंडिजिनस राउंडच्या म्हणजे मूळ रहिवासी खेळाडूंच्या सन्मानार्थ ठेवलेल्या मॅचमध्ये, बाउंड्रीपाशी बसलेली १३ वर्षांची मुलगी त्याला वानर म्हणाली, त्याने तिच्याकडे बोट दाखवलं, सिक्युरिटीने तिला बाहेर नेलं. दुसऱ्या दिवशी तो स्वतः म्हणाला की तिला दोष देऊ नका, तिला आधार द्या. तरी राग लोकांनी त्याच्यावरच काढला! २०१५ मध्ये गोल मारल्यावर त्याने अ‍ॅबोरिजिनल युद्धनृत्याच्या चार स्टेप्स केल्या आणि मग तर जाईल त्या मैदानावर बॉल हातात आला की हुर्यो, आठवड्यामागून आठवडे. प्रत्येक जण म्हणायचा मी रंगामुळे नाही करत, मला तो प्लेअर म्हणून आवडत नाही. असेलही एखाद्याचं तसं, पण मैदानात उभ्या माणसाला ते सगळं एकच ऐकू येतं ना. त्याने सुट्टी घेतली, परत आला आणि त्याच सीझनअखेर रिटायर झाला. एएफएल आणि सगळ्या १८ क्लब्सनी माफी मागितली ती २०१९ मध्ये. तेव्हा काय उपयोग?

म्हणून म्हणते, वेळेवर बोला. भांडायची गरज नाही, माणूस प्यायलेला असेल आणि मूल सोबत असेल तर त्याच्याशी बोलूच नका. रांग आणि सीट नंबर लक्षात ठेवा, सरळ सिक्युरिटीला सांगा, बऱ्याच स्टेडियममध्ये मेसेज करूनही तक्रार करता येते. आणि मुलाला तिथेच, तेव्हाच सांगा की हे चूक आहे, घरी जाऊन नाही.

बाहेरचे असण्याचं म्हणाल तर जानेवारी २०२१ मध्ये सिडनी टेस्टला सिराजला प्रेक्षक त्रास देत होते तेव्हा आपल्या अजिंक्य रहाणेने अंपायरकडे जाऊन खेळ थांबवायला लावलाच की, आणि वर्णद्वेषी शेरे मारले गेले हे क्रिकेट ऑस्ट्रेलियानेही मान्य केलं. पण मिस्टरांना हेही सांगा की २००७ मध्ये वानखेडेवर अँड्र्यू सायमंड्सला बघून माकडासारखे हावभाव करणारे प्रेक्षक आपलेच होते.

प्रश्न: खेळाडूंनी अशा गोष्टींकडे दुर्लक्ष का करू नये? पैसे मिळतात, नाव मिळतं, थोडी जाड कातडी हवीच.
एक वाचक, पुणे

उत्तर: पैसे खेळायचे मिळतात हो, शिव्या खायचे नाही. आणि दुर्लक्ष करून बघितलंय त्यांनी, वर्षानुवर्षं. १९९३ मध्ये मेलबर्नच्या व्हिक्टोरिया पार्क मैदानावर निकी विनमार या अ‍ॅबोरिजिनल फूटी प्लेअरने मॅच जिंकल्यावर जर्सी वर करून शिव्या घालणाऱ्या गर्दीला आपली काळी कातडी बोटाने दाखवली, तो फोटो गाजला, तरी नियम काही आला नाही. १९९५ मध्ये मायकेल लाँग या दुसऱ्या अ‍ॅबोरिजिनल प्लेअरने रंगावरून बोलणाऱ्या समोरच्या टीमच्या खेळाडूविरुद्ध उघड तक्रार केली, अडून बसला, तेव्हा कुठे त्याच वर्षी एएफएलने खेळाडूंच्या वर्णद्वेषी बोलण्यावर नियम आणला. पुढच्या पोरांना तक्रार करायला जागा मिळाली ती त्यामुळे.