१८०३ मध्ये शिंदे, नागपूरचे भोसले आणि होळकर इंग्रजांविरुद्ध एकत्र का लढले नाहीत?

इंदुरात राहणाऱ्याला हे फार समजावून सांगावं लागत नाही. १८०१ मध्ये शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी होळकरांचं हेच शहर लुटून जाळलं. त्याच वर्षी पुण्यात विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिलं. त्यांचे भाऊ यशवंतराव यांनी वचपा काढला ऑक्टोबर १८०२ मध्ये, हडपसरला. पेशवा बाजीराव पळाला आणि इंग्रजांशी वसईचा तह करून बसला. एवढं झाल्यावर कोण कुणावर भरवसा ठेवणार?

बरं, जे दोघे एकत्र आले त्यांची तरी एकी कुठे होती! असईला (२३ सप्टेंबर १८०३) सगळा भार शिंद्यांच्या पायदळावर आणि तोफखान्यावर पडला; भोसले फारसे झुंजलेच नाहीत. उत्तरेत शिंद्यांचा फ्रेंच सेनानी पेरों ऐन वेळी इंग्रजांकडे निघून गेला आणि इंग्रज सेनापती जनरल लेकनं अलीगड, दिल्ली, लासवारी अशी एकामागून एक मजल मारली. डिसेंबरात तहही वेगवेगळे: भोसल्यांचा देवगावला, शिंद्यांचा सुर्जी-अंजनगावला.

यशवंतराव उतरले १८०४ मध्ये. इंग्रज अधिकारी मॉन्सनला मुकुंदऱ्याच्या घाटापासून आग्र्यापर्यंत पिटाळलं, पण तोवर शिंद्यांचे हात तहानं बांधलेले. बडोद्याच्या गायकवाडांना तर या हिशेबात धरूच नका, ते १८०२ पासूनच इंग्रजांच्या तैनाती फौजेच्या छायेत होते.