मॉड्युलर घर कोकणातल्या पावसात टिकेल?

प्रश्न : आम्ही लालबागला राहतो. अलिबागजवळ वडिलोपार्जित जागा आहे. तिथे मॉड्युलर घर बसवावं म्हणतोय. फायदा काय, आणि पावसाळ्यात टिकेल का?

उत्तर : टिकेल, जरूर बसवा. खरा फायदा वेळेचा. तुमच्या जागेवर पाया भरला जात असतानाच कारखान्यात खोल्या तयार होतात, वायरिंग आणि नळाच्या पाइपांसकट. मग ट्रेलरवरून आणायच्या, क्रेनने पायावर उतरवायच्या, बोल्टने आवळायच्या. गवंडी आला की नाही हे बघायला दर शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून बोट पकडायला नको.

पण ऑर्डर देण्याआधी टेप घेऊन गावातला रस्ता स्वतः मोजा. माझ्या एका कामात ट्रेलर शेवटच्या वळणावर, एका अंगणातल्या तुळशी वृंदावनापाशी अडला. वृंदावन कोण हलवणार? खोली परत गेली. रस्ता अरुंद असेल तर सुट्या भिंती मागवून जागेवर जोडा.

पाणी शिरतं ते दोन खोल्यांच्या सांध्यातून. आतलं छत लावण्याआधी तिथे तासभर पाइपने पाणी मारायला लावा, तुम्ही आत उभे राहा. खाऱ्या वाऱ्यामुळे सांगाडा जस्ताचा लेप दिलेल्या पोलादाचाच घ्या. कापलेल्या कडा आणि ड्रिलची भोकं आधी गंजतात, त्यांवर पुन्हा लेप हवा.

नकाशामंजुरी अशा घरालाही लागते; जागा बिनशेती करावी लागेल का, तेही विचारा. किनारा जवळ असेल तर सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचंही आधी विचारून घ्या.