फारसा कुणाला माहीत नसलेला, पण तुमचा लाडका असा जुना ब्रिटिश भयपट कोणता?

'नाइट ऑफ द ईगल'. १९६२ चा, कृष्णधवल, जेमतेम दीड तासाचा. जुने ब्रिटिश भयपट म्हटलं की लोक हॅमर कंपनीच्या ड्रॅक्युलापाशी अडकतात आणि त्या लालभडक रक्तापुढे हा बिचारा राहूनच जातो. अमेरिकेत तो 'बर्न, विच, बर्न' अशा बटबटीत नावाने लागला. तिथल्या प्रतीत सुरुवातीला पडदा काळा ठेवून प्रेक्षकांच्या रक्षणासाठी मंत्रबिंत्र म्हटलाय. मिळाली तर मूळ ब्रिटिश प्रतच बघा.

नॉर्मन टेलर हा कॉलेजातला प्राध्यापक, अंधश्रद्धेची यथेच्छ टिंगल करणारा. वर्गात तो फळ्यावर चार शब्द लिहितो, 'आय डू नॉट बिलीव्ह'. हा फळा लक्षात असू द्या.

मला खरा आवडतो तो त्याच्या घरातला भाग. ब्रिजचा डाव संपवून सहकारी आणि त्यांच्या बायका निघून जातात, आणि टॅन्सी, म्हणजे नॉर्मनची बायको, घर पालथं घालायला लागते. नवऱ्याला सांगते, सामानाची यादी सापडत नाहीये. शेवटी दिव्याच्या शेडमध्ये आतून अडकवलेली बारकीशी बाहुली हाती लागते आणि ती ती जाळून टाकते. पाहुणे गेल्यावर पसारा आवरणाऱ्या बाईचा दमलेला चेहरा असतो ना, तोच जॅनेट ब्लेअरने इथे ठेवलाय. फक्त डोळ्यांत भलतंच काही.

मग नॉर्मनला खणात मेलेला कोळी सापडतो. जमैकात असताना शिकलेले तोडगे तिने घरभर पेरून ठेवलेले असतात, सगळे त्याच्या भल्यासाठी. तो तिला ते सगळं जाळायला लावतो. झालं, तिथून ग्रह फिरतात. ट्रकखाली येता येता वाचतो, एक विद्यार्थिनी नको तो आरोप करते, तिचा मित्र पिस्तूल घेऊन येतो. यातली प्रत्येक गोष्ट योगायोगही असू शकते, आणि सिनेमा बराच वेळ आपल्याला त्या कुंपणावर बसवून ठेवतो.

आमची आजी दृष्ट काढायची तेव्हा आजोबा पेपरामागून हसायचे, पण मीठमोहऱ्या निखाऱ्यांवर तडतडेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. त्यामुळे असेल, पण टॅन्सी मला परकी वाटलीच नाही.

मूळ कादंबरी फ्रिट्झ लायबर या अमेरिकन लेखकाची, १९४३ सालची 'कॉन्ज्युअर वाइफ'. पटकथेत रिचर्ड मॅथिसन आणि चार्ल्स बोमाँट आहेत, दिग्दर्शक सिडनी हेयर्स. कॉलेजातल्या बढत्या आणि हेवेदावे नवरे चालवतात असं नवऱ्यांना वाटतं. खरी लढाई बायका लढतायत, ही कल्पनाच किती खट्याळ आहे! आणि नॉर्मन झालेला पीटर विनगार्ड आदल्याच वर्षी 'द इनोसंट्स'मध्ये भूत होता. तिथे दुसऱ्यांची झोप उडवून इथे 'भूतबित काही नसतं' म्हणायला आला.

भीतीसाठी यांना फारसं काही लागत नाही. रात्री फोन वाजतो, रिसीव्हरमधून विचित्र आवाज यायला लागतो आणि त्याच वेळी बाहेर दाराशी काहीतरी येतं. काय, ते दिसत नाही. हा प्रसंग मी एकट्याने पाहिला तेव्हा आमच्याही दाराची कडी एकदा तपासून आलो.

दोष आहेच. शेवटी कॉलेजवरचा दगडी गरुड जिवंत होऊन मागे लागतो, तेव्हा लहान पक्षी मोठा भासवायची धडपड लपत नाही. पोरंटोरं हसतील. हसू द्या. कारण त्यानंतर घाबरलेला नॉर्मन वर्गात शिरतो, पाठ फळ्याला टेकवून मागे मागे सरकतो, आणि बाजूला होतो तेव्हा फळ्यावर तीनच शब्द उरलेले असतात.