वाचकांचे प्रश्न : धक्क्यावर कारखाना आणि फिरायला आलेली माणसे

प्रश्न : जुन्या औद्योगिक किनाऱ्यांच्या पुनर्रचनेच्या आराखड्यांत हल्ली कारखाने कायम ठेवून पाण्यालगत सलग विहारपथही दाखवलेला असतो. क्रेन, मालाचे ट्रक आणि फिरायला आलेली मुले एकाच काठावर खरोखर नांदू शकतात का, की अखेर कारखान्यांनाच तेथून निघावे लागते?

उत्तर : नांदू शकतात, मात्र आपल्या प्रश्नातील ‘सलग’ हा शब्दच अनेक आराखड्यांचा घात करतो. ज्या धक्क्याला बार्ज (सपाट तळाची मालवाहू नौका) लागतो, तेथे क्रेनच्या टप्प्यात पादचाऱ्याला येऊ देता येत नाही. तरीही विहारपथ सलग ठेवण्याचा हट्ट धरला, तर धक्का बंद पडतो आणि पाण्याशी नाते तुटलेल्या कारखान्याला त्या महागड्या जागेत राहण्याचे कारणच उरत नाही. एका मध्यम बार्जमध्ये सुमारे १५०० टन माल मावतो. तोच रस्त्याने नेण्यास २५ टनांचे ६० ट्रक लागतील, आणि ते त्याच वस्तीतून जातील जिच्यासाठी विहारपथ आखला आहे. म्हणून चालत्या धक्क्यापाशी वाट आत वळवावी आणि पुढे ती पुन्हा पाण्याला भिडू द्यावी. वळणावर उंचावरून काम पाहण्याची सोय असेल, तर लोकांचे फारसे काही हिरावले जात नाही. माल उतरताना पाहणे हे पुष्कळांना फुलझाडांच्या वाफ्यांपेक्षा अधिक आवडते, असे माझे मत आहे.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील सनसेट पार्क येथे २०१३ मध्ये सुरू झालेले कचरा-पुनर्प्रक्रिया केंद्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. तेथे बराचसा माल बार्जने येतो, शाळेच्या मुलांसाठी स्वतंत्र शिक्षण केंद्र आहे, आणि पाहुण्यांची वाट यंत्रांच्या वाटेत येत नाही. पाण्याची पातळी वाढेल हे गृहीत धरून तेथील जमीन आधीच सुमारे चार फुटांनी उंच केली होती. पूररेषेचा विचार पहिल्या दिवशी करावा लागतो, कारण रसायनांच्या टाक्या, विजेची उपकरणे आणि बाकडी यांपैकी पाण्याखाली काय गेलेले चालेल, हे ठरल्याशिवाय कोणती गोष्ट कोठे ठेवायची हे ठरत नाही.

आवाजाचा प्रश्न रचनेने बराच सुटतो : गोंगाटाची कामे पाण्याच्या बाजूला, आणि वस्तीच्या बाजूला कचेऱ्या, उपाहारगृह, प्रशिक्षणाचे वर्ग. जे रचनेने सुटत नाही, ते कायद्याने सोडवावे लागते. इंग्लंडच्या नियोजन धोरणात असे तत्त्व आहे की, आधीपासून चालू असलेल्या उद्योगाशेजारी नवी घरे बांधणाऱ्याने आवाज अडवण्याची सोय स्वतः करावी. नंतर आलेल्या रहिवाशांच्या तक्रारींमुळे जुन्या उद्योगावर निर्बंध येऊ नयेत. लंडनमध्ये थेम्सकाठचे अनेक मालधक्के याखेरीज मालवाहतुकीसाठी राखूनही ठेवले आहेत.

मात्र खरा शत्रू आवाज नसून जमिनीची अपेक्षित किंमत आहे. उद्या येथे निवासी इमारतींना परवानगी मिळेल अशी नुसती कुणकुण लागली, तरी मालक कारखान्याच्या भाडेपट्ट्याची मुदत वाढवून देत नाही. कॅनडातील व्हँकुव्हरच्या ग्रॅनव्हिल आयलंड या जुन्या औद्योगिक भागात १९७९ मध्ये सार्वजनिक बाजार उघडला, आणि १९१७ पासूनचा काँक्रीटचा कारखाना त्यानंतरही तेथेच चालत राहिला. २०१४ मध्ये त्याच्या सिलोंवर (साठवणीच्या उंच टाक्यांवर) प्रचंड भित्तिचित्रे रंगवली गेली. याचे श्रेय वास्तुविशारदांना जरूर द्यावे, पण ती जमीन सार्वजनिक मालकीची आहे, हे त्याहून मोठे कारण आहे. ब्रुकलिनची नेव्ही यार्ड, म्हणजे नौदलाची जहाजबांधणीची गोदी, १९६६ मध्ये नौदलाने बंद केली. तिचे सुमारे ३०० एकर शहराच्या मालकीचे आहेत आणि ना-नफा संस्था ते उद्योगांना भाड्याने देते. तेथे सामान्य माणसाला सर्वत्र मुक्त प्रवेश नाही, आणि त्यात मला काही वावगे वाटत नाही.

प्रश्न : जुन्या कारखान्याच्या जागी उद्यान करताना जमीन स्वच्छ करणे पुरेसे असते का?

उत्तर : काठावरची माती आणि पाण्याखालचा गाळ यांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. अमेरिकेतील सिएटलचे गॅस वर्क्स पार्क १९७५ मध्ये खुले झाले. कोळशापासून गॅस बनवणाऱ्या जुन्या कारखान्याचे मनोरे त्यात जपले आहेत, आणि तेथील दूषित माती सूक्ष्मजीवांच्या साह्याने सुधारण्याचा प्रयोग त्या काळी नवा होता. माणसे तेथील टेकडीवर पतंग उडवतात. लगतच्या सरोवराच्या पाण्यात उतरण्यास मात्र मनाई आहे, कारण तळाचा गाळ दूषित आहे.