चरबी गोठवण्याचं पॅकेज, हर्निया आणि ‘नॉन-रिफंडेबल’ पावती

प्रश्न : मी धायरीला राहते, वय ४६. पुतणीच्या लग्नाआधी पोट कमी करावं म्हणून कर्वे रस्त्यावरच्या एका स्लिमिंग क्लिनिकमध्ये गेले. ‘ऑपरेशन नाही, सुई नाही, सात इंच नक्की’ असं तिथल्या काउन्सेलरने सांगितलं, व्हॉट्सअ‍ॅपवरही तेच पाठवलं. चरबी गोठवण्याच्या बारा सेशनचे १,४४,००० रुपये झाले. ४४,००० मी कार्डाने भरले, उरलेल्या एक लाखाचं कर्ज त्यांनी तिथेच मोबाइलवर मंजूर करून दिलं. चार सेशन झाली, एक इंचही फरक नाही. मग बेंबीजवळ दुखू लागलं. आमच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला लावली, तर हर्निया निघाला. ‘ती ट्रीटमेंट ताबडतोब थांबवा,’ म्हणाले. क्लिनिकवाले पावतीवरचं ‘नॉन-रिफंडेबल’ दाखवतात आणि उरलेल्या पैशांत फेशियल नाहीतर लेझर घ्या म्हणतात. हप्ते चालूच आहेत. घरी पूर्ण रक्कम सांगायची लाज वाटते. काय करू?

उत्तर : ताई, आधी तब्येतीचं. या पैशांचा निकाल लागेपर्यंत हर्नियाचं दुखणं अंगावर काढू नका, सर्जनला दाखवा. त्याने केस कमजोर होत नाही, उलट सर्जनचे कागद पुढे उपयोगी पडतील. आणि घरी आजच सगळी रक्कम सांगून टाका. लाज वाटायची तर ती पोटावर यंत्र लावण्याआधी ‘हर्निया आहे का’ एवढंही न विचारणाऱ्यांना वाटायला हवी.

आता केसचं. माझा पहिला सल्ला असा, की सात इंचांवर भांडण उभं करू नका. क्लिनिकचं उत्तर तयार असेल : परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात, कोर्स तुम्हीच अर्धवट सोडला. यातली पहिली गोष्ट खरीही आहे. चरबी गोठवण्याच्या यंत्राला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये कमरेच्या बाजूंसाठी आणि २०१२ मध्ये पोटासाठी परवानगी दिली. अभ्यासांत एका वेळच्या उपचाराने त्या जागेवरच्या चरबीचा थर साधारण पाचवा ते चौथा हिस्सा कमी होतो असं दिसलं आहे, तोही हळूहळू. वजन उतरवण्याचा हा उपाय नव्हेच. म्हणजे ‘सात इंच नक्की’ हे वचन देणंच मुळात दिशाभूल करणारं होतं. तो मेसेज जपून ठेवा, तक्रारीत मांडा, पण दुसऱ्या क्रमांकावर.

पहिल्या क्रमांकावर दोन गोष्टी हव्यात : न विचारलेला हर्निया आणि न घेतलेली आठ सेशन. यांना उत्तर देणं क्लिनिकला कठीण जाईल.

पोटावर ही प्रक्रिया करण्याआधी हर्निया, आधीची ऑपरेशन्स, थंडीने होणारे रक्ताचे विकार यांची चौकशी करायची असते. तुमच्याकडून कोणता फॉर्म भरून घेतला? त्यात हर्नियाचा प्रश्न होता का? डॉक्टरांनी पोट तपासलं का? आज क्लिनिकला लेखी पत्र देऊन तुमचे केसपेपर, संमतिपत्र, प्रत्येक सेशनची नोंद आणि यंत्राचं नाव-मॉडेल मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे रुग्णाने नोंदी मागितल्यावर नोंदणीकृत डॉक्टरला त्या ७२ तासांत द्याव्या लागतात. ‘आमच्याकडे डॉक्टर नाहीत, टेक्निशियनच करतात’ असं उत्तर आलं, तर तेही लेखी घ्या. तुमच्या बाजूचा तो मोठा पुरावा ठरेल. हर्निया या ट्रीटमेंटमुळेच झाला असं मात्र लिहू नका. ते सिद्ध करायला तज्ज्ञाची साक्ष लागेल आणि तुमचं साधं, पक्कं प्रकरण त्यात अडकेल. तपासणी न करता यंत्र लावलं, एवढंच म्हणा.

आता पैशांचा हिशेब. १,४४,००० भागिले बारा म्हणजे एका सेशनचे १२,०००. चार घेतली, त्याचे ४८,०००. आठ घेतली नाहीत, त्याचे ९६,०००. निदान हे ९६,००० तुमचे आहेत. नोटीस गेली की क्लिनिक बहुधा नवा हिशेब काढेल : ‘सुटं सेशन २५,००० चं, चार सेशनचे एक लाख झाले, उरले ४४,०००.’ हा दर तुम्ही सही केलेल्या कागदावर नसेल, तर तो मागाहून लावता येत नाही. असला, तरीही भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईपलीकडे रक्कम जप्त करता येत नाही. आठ सेशन न दिल्याने आपलं खरोखर काय नुकसान झालं, ते क्लिनिकने दाखवायला हवं.

‘नॉन-रिफंडेबल’ला घाबरू नका. सदोष सेवेचे पैसे पावतीवरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत न करणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल्डरने छापून घेतलेल्या एकतर्फी अटी फ्लॅट घेणाऱ्यावर बंधनकारक नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ‘पायोनियर अर्बन’ प्रकरणात सांगितलं. समोर ठेवलेल्या छापील कागदावर सही करण्यावाचून तुमच्याकडेही दुसरा मार्ग नव्हता. करारात ‘वाद फक्त मुंबईत’ किंवा ‘लवादाकडेच’ असं असलं तरी अडत नाही. तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात, तक्रार करता येते.

हप्ते थांबवू नका. राग समजतो, पण क्रेडिट स्कोअर तुमचा बिघडेल, क्लिनिकचा नाही. कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला आजच ईमेल करा : सेवा वैद्यकीय कारणाने थांबली, कर्जाचे पैसे कंपनीने थेट क्लिनिकला दिले, वाद सुरू आहे. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. आयोगातल्या तक्रारीतही या कंपनीला सामनेवाला क्रमांक दोन करा आणि हप्त्यांबाबत अंतरिम आदेश मागा. तो मिळेलच असं नाही, पण मागायलाच हवा.

क्रम असा ठेवा. क्लिनिकला नोटीस, स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही, पंधरा दिवसांच्या मुदतीची. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट जोडा. मधल्या काळात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. काही क्लिनिक तिथेच नमतात. नाही जमलं तर ई-जागृती पोर्टलवरून आयोगात तक्रार. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण थांबू नका. काउन्सेलर नोकरी सोडतात, क्लिनिकं जागा बदलतात. पोलिसांत फसवणुकीची तक्रार तूर्त नको. फसवण्याचा हेतू सुरुवातीपासून होता हे दाखवावं लागतं, आणि तुमचे पैसे त्या वाटेने लवकर येणार नाहीत.

क्लिनिक तडजोडीला आलं, तर फेशियल, लेझर, ‘क्रेडिट नोट’ यातलं काहीही घेऊ नका. घेतलंत तर बदली सेवा तुम्हाला मान्य होती असं ते म्हणतील. ९६,००० च्या जवळपास रोख परतावा मिळत असेल, तर वर्ष-दोन वर्षं आयोगात चकरा मारण्यापेक्षा मी तुम्हाला तो घ्या म्हणेन. त्यातून आधी कर्ज बंद करा आणि कंपनीकडून ‘नो ड्यूज’ पत्र घ्या. ‘माझी काही तक्रार उरली नाही’ या कागदावर सही मात्र पैसे खात्यात जमा झाल्यावरच करा, चेक हातात आल्यावर नाही.